पिकअपला बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट? या चुका टाळा

पिकअप उंच करायची म्हटली की गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, "किती इंच पाहिजे?" गाडीखाली वाकून नेमकं काय टेकतंय हे कुणी बघायच्या आधीच किटचा भाव सुरू होतो. फसलेल्या बहुतेक लिफ्टची सुरुवात इथेच होते. बॉडी लिफ्ट म्हणजे कमी बजेटवाल्याची सस्पेन्शन लिफ्ट, असा एक समज घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात हे दोन वेगळ्या तक्रारींवरचे दोन वेगळे इलाज आहेत. काही तक्रारींवर तर दोन्हींचा उपयोग शून्य.

पुढचं सगळं प्रामुख्याने इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स धरून लिहिलं आहे. दोन्हींची मांडणी ढोबळमानाने सारखीच: लॅडर फ्रेम चासी (बॉडीखालचा शिडीसारखा वेगळा सांगाडा), पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). ज्या गाडीला वेगळी चासीच नाही, त्या मोनोकॉक गाडीला बॉडी लिफ्ट होतच नाही. तिथे हा प्रश्न संपतो.

काय टेकतंय ते न बघता किट मागवणं

बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्यामध्ये जिथे रबरी बुश बसतात, तिथे नायलॉनचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे घालून केबिन आणि हौदा वर उचलतात. चासी जागची हलत नाही. गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, चासीचे आडवे मेंबर, सगळं जमिनीपासून होतं तेवढ्याच उंचीवर राहतं. पायदानाजवळचा पत्रा वर जातो आणि चाकाच्या कमानीत जागा होते. एवढाच फायदा.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासीच वर जाते, तिच्याबरोबर पोटाखालचं सगळं. पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) या गाड्यांत चासीला बोल्ट केलेला असतो, त्यामुळे तोही वर जातो. मागचा मात्र जात नाही. तो सलग अ‍ॅक्सलमध्येच आहे आणि अ‍ॅक्सल चाकांवर उभा आहे. स्प्रिंग कितीही उंच घाला, मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, मोठं टायर. तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच.

हे आकड्यांत बघा. व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलला येणारं २५५/६० आर१८ टायर साधारण ७६३ मिलिमीटर व्यासाचं. त्याजागी २६५/६५ आर१८ बसवलं तर व्यास ८०२ च्या आसपास. फरक ३९ मिलिमीटर, म्हणजे गोळा वर गेला जेमतेम १९ ते २० मिलिमीटर. अंगठ्याच्या जाडीएवढा. आणि स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल.

म्हणून आधी टेप. गाडी सपाट जागी लावा, हवा बरोबर भरा, हौद्यात रोज जेवढं सामान असतं तेवढं ठेवा. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांचं माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून घेतलेलं माप हवेमुळे आणि टायरच्या झिजेमुळे फसवतं. मग चटई टाकून खाली झोपा आणि ओरखडे शोधा. पुढच्या स्किड प्लेटवर (पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर) किंवा मधल्या मेंबरवर असतील तर सस्पेन्शनचा विचार करा. फक्त मागच्या गोळ्यावर असतील तर लिफ्टचे पैसे टायरवर घाला, किंवा चाकोरीचा मधला उंचवटा ओळखून गाडी चालवायला शिका. ते फुकट आहे. ओरखडे मागच्या बंपरच्या खालच्या कडेला असतील आणि गाडी भरलेली असतानाच टेकत असेल, तर दोष बसलेल्या पाट्यांचा आहे.

आणखी एक जागा बघाच. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकाच्या मागे हात घाला. केबिनचा पहिला बुश ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट चासीतून बाहेर आलेलं असतं. मोठं टायर बहुतेक वेळा आधी तिथे घासतं. ब्रॅकेट चासीचं, त्यामुळे बॉडी लिफ्टने ते हलत नाही. टायर तिथे आडवं फिरून लागतं, त्यामुळे सस्पेन्शन उंच केल्यानेही फारसा फरक पडत नाही. दोन्ही लिफ्ट करून बसलेले आणि तरीही रिव्हर्समध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवलं की खर्र आवाज ऐकणारे लोक भेटतात ते यामुळेच. कमी ऑफसेटच्या रिम्स घातल्या की घासणं वाढतं, कारण चाक बाहेर जातं आणि वळताना मोठा घेर घेतं. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) थोडा वाढवून चाक मिलिमीटरभर पुढे घेता येतं. ते पुरलं नाही तर टायर एक नंबर लहान घ्यायचं.

बॉडी लिफ्ट म्हणजे नुसते ठोकळे, असं समजणं

ठोकळे स्वस्त असतात, आणि सस्पेन्शनला हात न लागल्याने अ‍ॅक्सलचे कोन, चाल, अलाइनमेंट सगळं कंपनीचं राहतं. हे बॉडी लिफ्टचं खरं बलस्थान. वजनाचा मध्यही सस्पेन्शन लिफ्टपेक्षा कमीच वर जातो. खर्च आणि डोकेदुखी आहे ती बॉडी आणि चासी यांना जोडणाऱ्या दुव्यांत. इंजिन चासीवर, पण रेडिएटर आणि एअर फिल्टरचा डबा बहुधा बॉडीवर. ब्रेकचा मास्टर सिलिंडर बॉडीवर, त्याच्या नळ्या चासीवर. स्टेअरिंग चाक बॉडीत, रॅक चासीला. दोन इंचांचे ठोकळे घातले की यातली प्रत्येक जोडणी दोन इंचांनी ताणली जाते.

रेडिएटर आणि पंख्याचं उदाहरण घ्या. पंखा इंजिनाला जोडलेला असेल तर तो खालीच राहतो आणि त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच रेडिएटरबरोबर वर येतं. कवचाची खालची कड पात्यांना भिडते. गॅरेजमध्ये आयडलवर काही कळत नाही; खड्ड्यात इंजिन माउंटवर हललं की पाती कवच कुरतडायला लागतात, आणि नशीब खराब असेल तर पात्याचा तुकडा थेट रेडिएटरच्या जाळीत. कवच खाली सरकवायची पट्टी किटमध्ये आहे का हे विचारल्याशिवाय किट घेऊ नका.

स्टेअरिंगच्या दांड्याला आत सरकणारा भाग असतो. तो किती बाहेर आला, कपलिंगमध्ये किती पकड उरली, हे मोजून बघायचं. "बसलंय ना, मग झालं" हे इथे चालत नाही. मॅन्युअल गाडीत गिअरचा दांडा फ्लोअरच्या भोकाच्या कडेला लागतो आणि गिअर पूर्ण बसत नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्समध्ये फोर-व्हील ड्राइव्हचा नॉब असल्याने तो लावायच्या वेगळ्या, म्हणजे ट्रान्सफरच्या दांड्याची कटकट नाही. जिप्सीला मात्र आहे.

पिकअपची खास अडचण म्हणजे केबिन आणि हौदा वेगवेगळे. केबिन बुशवर, हौदा बहुधा थेट चासीवर बोल्ट केलेला. दोन्ही सारख्या मापाने उचलले नाहीत तर मागून बघणाऱ्यालाही तिरकेपणा दिसतो. हौद्याबरोबर डिझेल भरायचं तोंड वर जातं, टाकी खालीच राहते, मधला रबरी पाइप ताणतो किंवा मुरडतो. बंपर चासीला असतील तर तेही खालीच, आणि ग्रिलखाली दोन इंचांची फट. ती झाकायला पुन्हा ब्रॅकेट.

कोकणातली किंवा गोव्यातली गाडी असेल तर बोल्ट खोलायच्या आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आतला नट बंद पोकळीत वेल्ड केलेला असतो. जोर लावून तो आतच फिरायला लागला की केबिनच्या फ्लोअरचा पत्रा कापण्यावाचून इलाज नाही. बॅटरी काढून ठेवायची. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करायचे, जॅकच्या तोंडावर जाड लाकडी फळी ठेवून सावकाश उचलायचं. एकाने जॅक मारायचा आणि दुसऱ्याने फक्त वायरी, नळ्या आणि अर्थिंगची पट्टी बघत बसायचं. हे काम तासाभरात उरकून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या पिकअपला दोन किंवा तीन इंचांची बॉडी लिफ्ट घालण्यासारखं कारण क्वचितच असतं. सस्पेन्शन नीट आहे आणि टायर फक्त मडगार्डच्या वरच्या बाजूला लागतंय, अशा वेळी एक इंच ठीक.

पुढच्या स्पेसरचं गणित चुकणं

सस्पेन्शन लिफ्टमध्ये सर्वाधिक गोंधळ इथे होतो. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग आणि शॉकअपचा संच खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसलेला असतो. त्यामुळे संचाच्या वर २५ मिलिमीटरचा स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घातला की चाकापाशी लिफ्ट मिळते जवळपास दुप्पट, पन्नासच्या आसपास. "दोन इंच पाहिजे" म्हणून दोन इंची स्पेसर घालणारा प्रत्यक्षात चार इंचांच्या जवळ जातो, आणि मग वरचा आर्म, बॉल जॉइंट, अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारे सांधे) सगळे त्यांच्या शेवटच्या कोनावर काम करू लागतात.

स्पेसरचेही दोन प्रकार आहेत. संचाच्या डोक्यावर बसणारा स्पेसर अख्खा शॉकअपच खाली ढकलतो. चाक हवेत लटकलं की आर्म कंपनीच्या मर्यादेपलीकडे खाली जातो. वरचा आर्म स्प्रिंगला आपटू शकतो आणि सीव्हीचा रबरी बूट ताणतो. स्प्रिंगच्या आत दाब वाढवणारा स्पेसर शॉकअपची लांबी बदलत नाही, म्हणून हा धोका नाही. पण वर उचलल्यावर खाली जायला जागा कमी उरते आणि स्पीड ब्रेकर उतरताना ठक्क आवाज येतो. योग्य मापाची स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप हाच स्वच्छ उपाय. महाग आहे, मान्य.

या गाड्यांना पुढे चाळीस ते पन्नास मिलिमीटर ही शहाणपणाची हद्द. त्यापुढे वेगळे वरचे आर्म आणि पुढचा डिफरन्शियल खाली घ्यायचे ठोकळे लागतात. डिफरन्शियल खाली घेतला की पोटाखाली मिळवलेल्या उंचीतला काही भाग परत दिला, हे लक्षात घ्या. इसुझूच्याच हाय-लँडरसारख्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे सीव्ही नाहीत, तरी बॉल जॉइंटला तीच शिक्षा.

यावरून अमेरिकन व्हिडिओंची आठवण. फोर्ड एफ-१५० किंवा शेवरले सिल्व्हराडो या तिकडच्या मोठ्या पिकअपना सहा इंचांची लिफ्ट घातलेली दिसते आणि इथल्या मालकाला वाटतं, आपण तीन तरी घालू. त्या किटमध्ये नवे नकल (हब धरणारे भाग), नवे आडवे मेंबर आणि डिफरन्शियल खाली घेणारी ब्रॅकेट असतात. अख्खं पुढचं सस्पेन्शनच चासीखाली उतरवलेलं असतं. दिसतं सहा इंच, पण पुढच्या मेंबरखाली वाढलेली जागा बहुतांशी मोठ्या टायरची. आपल्याकडे स्पेसरच्या चकत्यांवर तसंच रूप आणायला गेलं की सीव्ही जॉइंट किंमत मोजतो.

आणि लिफ्ट करून अलाइनमेंट न करता गाडी घरी नेणं. पुढून उचलल्यावर टो (वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर) बदलतो, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) बाहेरच्या बाजूला कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि पुणे-बंगळूरू हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना गाडी तरंगल्यासारखी वाटते. अलाइनमेंटवाल्याकडून नुसता "टो सेट केला" हा शब्द घेऊ नका. तिन्ही आकड्यांचा छापील कागद मागा. कॅस्टर मर्यादेत येत नसेल तर लिफ्ट जास्त झालेली आहे.

मागे ठोकळा, पाटा आणि पासिंगचा घोळ

मागे उचलायचे मार्ग तीन: अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा, एक पाटा वाढवणं, किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी). ठोकळा स्वस्त, पण जोरात वेग घेतला की अ‍ॅक्सल पाट्यांना पिळतो. एकावर एक दोन ठोकळे कधीही नकोत, आणि जिप्सीसारख्या पुढेही पाटे असलेल्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलवर तर एकही नको. ब्रेक मारल्यावर तो निसटू शकतो. पाटे आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घ्यायचे. शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि अ‍ॅक्सलचं तोंड फिरतं.

पाटा वाढवणं हे महाराष्ट्रात ऑफरोडवाल्यांपेक्षा माल वाहणाऱ्यांचं काम. द्राक्षाचे क्रेट, उसाचं बेणं, वाळू, विटा. बोलेरो पिकअपला एक पाटा वाढवून आणला की मालक समजतो गाडीचं पासिंग (कागदावरची मालाची मर्यादा) वाढलं. पाटा वाढल्याने गाडी बसत नाही एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि आरसी बुकातला आकडा जिथल्या तिथे. उलट गाडी बसत नसल्याने जास्तीचा माल नजरेला दिसत नाही, हा धोका वाढतो. रिकामी गाडी दगडासारखी चालते ते वेगळंच.

ज्या गाड्यांना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, विशेषतः जुन्या पिकअप, त्यांच्यात ही चूक जिवावर बेतू शकते. चासीवरच्या या व्हॉल्व्हमधून एक दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल आला, चासी खाली बसली, की मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही मागून दोन इंच उचललंत की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीची जागा त्याच प्रमाणात बदलून घ्यायची. बहुतेक ठिकाणी हे कुणी बघतच नाही.

फक्त पुढून उचलून गाडी "लेव्हल" करायची फॅशनही याच घोळातली. पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असते, ती माल भरल्यावर सरळ व्हावी म्हणून. पुढून उचलून सरळ केलेली गाडी माल भरल्यावर नाक वर करून चालते, स्टेअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. कुठलीही लिफ्ट केली तरी हेडलाइटची उंची त्याच दिवशी लावून घ्या.

कागदाचा विचार शेवटी करणं

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की आरसीमधला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुकानदार "आपल्याकडे कोण बघतंय" म्हणेल. पोलीस बघणार नाही कदाचित. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र टेप घेऊनच येतो. काम करायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटीत असलेल्या गाडीचा सीव्ही जॉइंट लिफ्टनंतर तुटला तर तो खर्च तुमचाच धरून चाला.

लिफ्टनंतर तक्रार आली तर

साठ-सत्तरच्या वेगात अ‍ॅक्सलरेटर दाबल्यावर थरथर आणि सोडल्यावर बंद, तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बघा. उभी गाडी सुटताना हिसका बसत असेल आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागतं. वळताना टक-टक म्हणजे सीव्ही. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट आधीच फाटला आहे, त्याच आठवड्यात बदला, नाहीतर धूळ आत जाऊन जॉइंटच बदलावा लागेल.

पंपावर डिझेलचं नोझल सारखं कट होत असेल तर पंपवाल्याशी भांडू नका, बॉडी लिफ्टमध्ये मुरडलेला टाकीचा पाइप सरळ करा. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं आणि ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला असेल तर अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यायचा राहिला आहे. टायर बाहेरच्या कडेने खात असेल तर कॅम्बर, पृष्ठभागावर हात फिरवल्यावर करवतीसारखा लागत असेल तर टो. चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का, हे जॅकवर एकदा बघाच.

पाचशे ते हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे: बॉडीचे, यू बोल्ट, आर्मचे. आर्मचे बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. जॅकवर लटकलेल्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. हे सगळं करूनही थरथर गेली नाही तर प्रोपेलर शाफ्ट पुन्हा उतरवण्याआधी जुनी चाकं चढवून एक फेरी मारा. जाड गोट्यांच्या नव्या टायरचं बॅलन्सिंगच बिघडलेलं असतं आणि शिव्या लिफ्टला बसतात, असं बऱ्याचदा होतं.